उतारावरचे पाणी, खालचे दार

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात बहुतेक सगळे असते. पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा असतो, मुलांसाठी घसरगुंडी असते. चोवीस तास पाण्याचे आश्वासन असते आणि गाडी लावायला दोन मजली तळघरही असते. नसते ती एकच माहिती: या जमिनीवर पडणारा पाऊस इमारती उभ्या राहिल्यावर कोठे जाणार? घर घेणारा हा प्रश्न विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. तो पहिल्यांदा विचारला जातो तो बहुधा एखाद्या सप्टेंबरच्या रात्री, आणि विचारणारा त्या प्रकल्पातला नसतो. उताराच्या खाली राहणारा कोणीतरी असतो.

एखाद्या वसाहतीसाठी पावसाळी पाण्याचा निचरा आखणे हे वरवर रूक्ष वाटणारे काम आहे. चर, जाळ्या, चेंबर, पाइप, उतार यांचे ते कोष्टक. पण त्या कोष्टकात काही आकडे असे असतात की, जे निसर्ग देत नाही, माणसे ठरवतात. किती पावसापर्यंत कोणाला कोरडे ठेवायचे आणि त्यापुढचे पाणी कोणाच्या दारात सोडायचे, हे त्या आकड्यांतून ठरते. म्हणून हा विषय जसा अभियंत्यांचा आहे, तसा शेजारधर्माचाही आहे.

दोन वाहिन्या, दोन स्वभाव

आपल्या बोलण्यात 'ड्रेनेज' म्हटले की, सांडपाणी आणि मैलापाणी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात वसाहतीखाली दोन निराळ्या वाहिन्या असाव्या लागतात. मैलापाण्याची वाहिनी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाळी वाहिनी पाणी जवळच्या नाल्यात, ओढ्यात किंवा नदीत सोडते. दोन्ही पाइपच, पण स्वभाव अगदी उलटे.

दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर जागेवरचा एक प्रकल्प घेऊ. त्यात चारशे सदनिका आणि सोळाशे माणसे आहेत. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी झाले, तर दिवसाला पावणेदोन लाख लिटर होते. ऐकायला आकडा मोठा आहे. पण दिवसाच्या सेकंदांनी भागला, तर सेकंदाला अवघे दोन लिटर येतात. सकाळच्या गर्दीच्या वेळी तिप्पट धरले, तरी सहा लिटर.

त्याच दोन हेक्टरांवर जोरदार सर आली, तर सेकंदाला चारशे लिटर पाणी वाहू शकते. हा आकडा कसा आला, ते पुढे पाहू. तूर्त एवढे लक्षात घ्यावे की, पावसाळी वाहिनी वर्षातले आठ महिने कोरडी असते, उरलेल्या चारांतही बहुतेक वेळ जेमतेम ओली असते आणि मग कधीतरी पंधरा-वीस मिनिटांसाठी तिला सांडपाण्याच्या साठपट पाणी वाहून न्यावे लागते. अंगणातले तुंबलेले पाणी चटकन जावे म्हणून कोणी मैलापाण्याच्या चेंबरचे झाकण उघडून देते, तेव्हा रस्त्याच्या खालच्या टोकाला झाकणे उसळून घाण का वर येते, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

जमीन आधी काय करत होती

पुण्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला टेकड्यांच्या उतारांवर गेल्या काही दशकांत वसाहती चढत गेल्या. कात्रज, कोंढवा, धायरी, बावधन ही नावे एकेकाळी गावांची होती. तिथल्या माळावर पाऊस पडे, तेव्हा पहिले काही मिलिमीटर गवतावर आणि मातीतच जिरत. नंतरचे पाणी ढेकळांमधून, खळग्यांमधून वाट काढत बांधाशी येई, बांधाला अडे, सांडीवरून खालच्या शेतात उतरे आणि असे टप्प्याटप्प्याने ओढ्याला मिळे. खाली काळा कातळ असल्याने इथली जमीन फार पाणी पिते अशातला भाग नव्हता. दख्खनच्या पठारावर मातीचा थर अनेक ठिकाणी हात-दोन हातच असतो, त्याखाली मुरूम आणि मग कठीण खडक. जमीन पाणी पिण्यापेक्षा त्याला उशीर लावत होती, आणि हा उशीरच खालच्या गावाचे संरक्षण होता.

प्रकल्प उभा राहतो, तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलतात. छप्पर, डांबर, काँक्रीट आणि फरशी यांमुळे जिरणारे पाणी जवळजवळ संपते. दुसरा बदल तेवढा ध्यानात येत नाही. छपरावरचा थेंब पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून चेंबरमध्ये काही मिनिटांत पोचतो. पूर्वी अर्धा तास रमतगमत येणारे पाणी आता दहा मिनिटांत फाटकाशी हजर होते. पाणी वाढले आणि त्याची घाईही वाढली.

चार आकड्यांचे सूत्र

या बदलाचा हिशेब मांडण्याचे सर्वांत प्रचलित सूत्र आयर्लंडमधल्या थॉमस मलव्हनी या अभियंत्याच्या १८५१ सालच्या मांडणीतून आले. पुढे १८८९ मध्ये एमिल कुइशलिंग याने ते अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी वापरले. वाहून जाणाऱ्या पाण्याला शास्त्रीय मराठीत 'अपधाव' म्हणतात. सूत्र सांगते की, अपधावाचा कमाल प्रवाह म्हणजे क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि अपधाव गुणांक यांचा गुणाकार. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये आणि तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ३६० ने भागले की, सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळते. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा. गवताळ माळासाठी तो ०.३ च्या आसपास धरता येतो, निव्वळ छपरासाठी ०.९ च्या पुढे जातो.

मेख आहे ती तीव्रतेत. वर्तमानपत्रात येतो तो चोवीस तासांचा पाऊस. गटाराला त्याचे सोयरसुतक नसते. ७० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला, तर कोणाला पत्ताही लागत नाही. तेवढाच तासाभरात कोसळला, तर शहर थांबते. सर जितकी छोटी, तितकी ती तीव्र असू शकते. म्हणून आखणी करणारा आधी पाहतो की, जागेच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यातले पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी यायला किती वेळ लागतो, आणि तेवढ्याच कालावधीच्या सरीची तीव्रता सूत्रात घालतो.

आता आपल्या दोन हेक्टरांचा हिशेब. उदाहरणापुरते असे मानू की, त्या भागातली जोरदार सर अर्धा तास टिकली, तर तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पडते आणि दहा मिनिटे टिकली, तर ९० या वेगाने. प्रत्यक्षात हे आकडे जवळच्या पर्जन्यमापकाच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढावे लागतात. माळ होता तेव्हा पाणी गोळा व्हायला अर्धा तास लागे, गुणांक ०.३. दोन गुणिले ६० गुणिले ०.३, भागिले ३६०, उत्तर ०.१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. प्रकल्प झाल्यावर पाणी दहा मिनिटांत गोळा होते आणि गुणांक ०.८ होतो. दोन गुणिले ९० गुणिले ०.८, भागिले ३६०, उत्तर ०.४ घनमीटर, म्हणजे ४०० लिटर. पाऊस तोच आहे, आभाळात काहीही बदललेले नाही, पण खालच्या ओढ्याकडे जाणारा लोंढा चौपट झाला.

कोणता पाऊस धरायचा?

'जोरदार सर' हा शब्द वर सहज वापरला. पण किती जोरदार? दरवर्षी येणारी, पाच वर्षांतून येणारी, की शंभर वर्षांतून येणारी? याला आवर्तनकाळ म्हणतात, आणि खरा निर्णय इथे होतो.

केंद्र सरकारच्या मलनिःसारणविषयक १९९३ च्या नियमपुस्तिकेत याची एक छोटी सारणी होती. निवासी भागांपैकी शहराच्या कडेच्या भागात वर्षातून दोनदा पाणी तुंबले, तर चालेल असे धरावे. मध्यवर्ती आणि तुलनेने महागड्या निवासी भागांत वर्षातून एकदा. व्यापारी आणि महागड्या भागांत दोन वर्षांतून एकदा. ही सारणी कोणी वाईट हेतूने केली नव्हती. पैसा मर्यादित असेल, तर जिथे नुकसान जास्त, तिथे संरक्षण जास्त, असा तो अर्थशास्त्रीय विचार होता. पण नुकसान जमिनीच्या दरावर मोजले की, परिघावर राहणाऱ्याचे वाहून गेलेले धान्य, भिजलेली वह्या-पुस्तके आणि बुडालेली मजुरी यांचे वजन आपोआप कमी भरते. शहरांची वाढ झाली ती मात्र याच परिघांवर. ज्या कडेला दोनदा तुंबले तरी चालेल असे धरले होते, तिथेच पुढे हजारो कुटुंबे राहायला आली.

मुंबईची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तीही समुद्राला ओहोटी असताना, आणि अपधाव गुणांक ०.५ धरून. म्हणजे निम्मा पाऊस जमीन पिईल, असे गृहीत धरले होते. मुंबईतली मोकळी जमीन संपत गेली, तरी गृहीतक भुयारातल्या विटांमध्ये बसलेलेच राहिले. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरून वाहिन्या वाढवण्याची शिफारस केली. ते काम रेंगाळले आणि २६ जुलै २००५ उजाडला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला केवळ ७३. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक असू शकतो, तर शहरात एक-दोनच पर्जन्यमापक ठेवून आखणी करणे किती आंधळेपणाचे होते, हेही त्या दिवशी कळले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अपधाव गुणांक ०.९५ पर्यंत धरण्यास सांगितले. पावसाळी निचऱ्यासाठी केंद्राची स्वतंत्र नियमपुस्तिका यायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले.

आवर्तनकाळाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. 'पाच वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा तुंबले की, पुढली चार वर्षे निश्चिंत, असे नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता २० टक्के असते. पाच वर्षांत निदान एकदा तसा पाऊस होण्याची शक्यता ६७ टक्के आणि दहा वर्षांत ८९ टक्के होते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते फिटेपर्यंत तो पाऊस न येण्याची शक्यता दीड टक्क्याहूनही कमी असते. वाहिनी कधीतरी भरून वाहणारच, हे त्यामुळे आखणीतच मान्य करावे लागते.

पाइप आणि पाइपाबाहेरची वाट

सेकंदाला ४०० लिटर पाणी नेणारा पाइप केवढा? यासाठी रॉबर्ट मॅनिंग या दुसऱ्या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये मांडलेले सूत्र वापरतात. काँक्रीटचा ६०० मिलिमीटर व्यासाचा पाइप २०० मीटरला एक मीटर अशा उताराने टाकला, तर तो पूर्ण भरून सेकंदाला सुमारे ४३० लिटर नेतो. आपले काम झाले. पण खोदकामात कातळ लागला म्हणून, किंवा आड मैलापाण्याची वाहिनी आली म्हणून, ठेकेदाराने तोच पाइप ८०० मीटरला एक मीटर अशा उताराने टाकला, तर त्याची क्षमता निम्मी होते. वरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. नकाशात ६०० मिलिमीटर लिहिलेले असते, जागेवरही ६०० च असतो. हरवलेला असतो तो उतार. म्हणून माती लोटण्याआधी प्रत्येक चेंबरमधल्या पाइपाची तळपातळी मोजून घेणे ही या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाणारी गोष्ट आहे.

दुसरी अडचण तोंडाशी असते. वाहिनी ज्या ओढ्यात सोडायची, त्याला पूर आला की, तोंड बुडते. मग पाणी बाहेर जायच्या ऐवजी उलटे आत शिरते आणि सर्वांत खोल जागा शोधते. ती असते तळघर, आणि आपल्याकडे पंप, मीटर आणि गाड्या सगळे बहुधा तिथेच. वीज बंद पडली की, पाणी उपसणारा पंपही थांबतो. त्यामुळे आखणी मागच्या टोकाकडून सुरू करावी लागते. आधी ओढ्याची पूररेषा, मग वाहिनीचे तोंड, मग तळघराच्या उतरणीचा माथा. इमारती आधी आखून उरलेल्या फटींमधून पाइप नेण्याची पद्धत याच्या बरोबर उलट आहे.

तिसरा मुद्दा पाइपाबाहेरचा. वाहिनी भरली की, पाणी जमिनीवरून वाहणार. त्याची वाट आखलेली असेल, तर ते आतल्या रस्त्याने, घरांच्या जोत्याखालून, ओढ्याकडे जाते. आखलेली नसेल, तर सीमाभिंत हाच बांध होतो. उतारावरच्या भिंतीमागे भिजलेल्या मातीचा आणि साठलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो. त्यासाठी भिंतीला पाणी झिरपून जायची भोके आणि मागे खडीचा थर लागतो. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातल्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत पावसात खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण दगावले. त्या दुर्घटनेच्या कारणांचा निवाडा इथे करायचा नाही. पण भिंतीच्या वर कोण राहत होते आणि खाली कोण झोपले होते, हे विसरून कोणतीही सीमाभिंत आखू नये, एवढे तरी ती सांगते.

बेरीज कोण करणार?

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरातून निघून, कात्रजच्या तलावातून शहरात उतरणारा आणि दांडेकर पुलाजवळून मुठेकडे जाणारा हा ओढा पुणेकरांना नवा नाही. पेशवाईत शहराच्या वाढीसाठी त्याचा प्रवाह वळवला गेला, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी नळाने शहरात आणले गेले. तेव्हाच्या शहराने ओढ्याची दखल तरी घेतली होती. २०१९ च्या त्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती या भागांत घरांमध्ये पाणी घुसले, भिंती पडल्या, गाड्या आणि जनावरे वाहून गेली. पुणे शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे गेली.

अशा पुरानंतर दोषाचे बोट अतिवृष्टीकडे आणि ओढ्यातल्या अतिक्रमणांकडे जाते. दोन्ही खरेच असतात. पण तिसरे कारण कोणत्याच पंचनाम्यात येत नाही, कारण ते बेकायदा नसते. ओढ्याच्या पाणलोटात वरच्या बाजूला समजा आपल्यासारखे दोन-दोन हेक्टरांचे पन्नास प्रकल्प झाले. प्रत्येकाला रीतसर परवानगी मिळाली, प्रत्येकाने आपल्या आवारात पाणी तुंबणार नाही अशी वाहिनी टाकली. प्रत्येकाकडून पूर्वी सेकंदाला १०० लिटर येत होते, आता ४०० येतात. सगळ्यांचे पाणी एकाच वेळी ओढ्यात पोचते असे नाही, पण घाई सगळ्यांचीच वाढलेली असते. नियमाप्रमाणे प्रत्येक आखणी उत्तम. एकत्र केल्यावर खालच्या वस्तीत पूर. ही बेरीज कोणाच्याही कोष्टकात नसते, कारण प्रत्येकाचे कोष्टक आपापल्या फाटकाशी संपते.

थांबवून सोडणे

म्हणूनच जगभर या शास्त्राचा प्रश्न हळूहळू बदलला. 'पाणी लवकरात लवकर बाहेर कसे काढायचे' याऐवजी 'जमीन मोकळी असताना जेवढे जात होते, तेवढेच कसे जाऊ द्यायचे' असे विचारले जाऊ लागले. सिंगापूरमध्ये २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामांना आपल्या आवारातून बाहेर पडणारा कमाल प्रवाह मर्यादित ठेवावा लागतो. आपल्या उदाहरणातला प्रकल्प त्याच्या दहापट मोठा आहे.

त्याला हे कसे जमेल? बाहेर सेकंदाला १०० लिटरच सोडायचे ठरवले, तर जास्तीचे पाणी काही वेळ आत धरून ठेवावे लागेल. किती? दहा मिनिटांची तीव्र सर घेतली, तर १८० घनमीटर साठतात. अर्ध्या तासाची, तासाला ६० मिलिमीटरची सर घेतली, तर ३००. तासभर, तासाला ४० मिलिमीटर या वेगाने पडणारी घेतली, तर २८०. म्हणजे पाइपाच्या दृष्टीने छोटी तीव्र सर अवघड, पण साठवणीच्या दृष्टीने अर्ध्या तासाची. आखणी करणारा असे अनेक कालावधी तपासतो आणि सर्वांत मोठा आकडा घेतो, तोही थोडा वाढवून.

३०० घनमीटर म्हणजे तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकीत ते मावते. टाकीच्या तळाशी साधारण २० सेंटिमीटर व्यासाचे भोक ठेवले की, टाकी भरलेली असतानाही सेकंदाला सुमारे १०० लिटरच बाहेर पडतात. पंप नको, वीज नको. याहूनही सोपा मार्ग आहे. आपल्या विकास नियमांनुसार एवढ्या भूखंडात १० टक्के मोकळी मनोरंजन-जागा सोडावी लागते. दोन हेक्टरांत ती २,००० चौरस मीटर होते. हे हिरवळीचे मैदान भोवतालच्या रस्त्यापेक्षा फक्त १५ सेंटिमीटर खाली ठेवले, तर त्यात बरोबर ३०० घनमीटर पाणी उभे राहते. पूर्ण वीतभरही नाही. वर्षातल्या काही तासांपुरते तिथे घोटाभर पाणी असेल, दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा खेळतील. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते. बाग तळघराच्या छतावर, मातीचा पातळ थर टाकून, रस्त्यापेक्षा उंच बांधली जाते आणि तीच पाणी खाली ढकलते.

इथे एक गल्लत टाळायला हवी. ५०० चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे, मग हा प्रश्न सुटलाच की, असे म्हटले जाते. तो पुरता सुटत नाही. वापरासाठी पाणी साठवणारी टाकी पावसाळ्यात भरलेली असावी लागते. पूर थोपवणारी टाकी पाऊस येण्याआधी रिकामी असावी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत भरून गेलेली टाकी सप्टेंबरच्या ढगफुटीत कोणाच्याच उपयोगाची नाही. शोषखड्ड्यांनाही मर्यादा आहेत. कातळाच्या भेगांमधून पाणी मुरते, पण सावकाश. सेकंदाला शेकडो लिटर गिळणारा खड्डा बेसॉल्टच्या प्रदेशात विरळा. संधारण हवेच, पण दुष्काळासाठी. थोपवणूक हवी ती पुरासाठी. एकच टाकी दोन्ही कामांसाठी वापरायची, तर तिचा वरचा भाग कायम रिकामा राहील अशी सोय करावी लागते.

थोपवणूक म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. ओढ्याच्या अगदी मुखाजवळच्या प्रकल्पाने पाणी धरून ठेवले, तर ते नेमके वरून पूर येण्याच्या वेळी सुटू शकते. त्याने आपले पाणी आधीच वाट मोकळी करून दिलेले बरे. म्हणून कोणी किती धरावे आणि किती सोडावे, हे एकेका भूखंडाने नव्हे, तर संपूर्ण ओढ्याच्या पाणलोटाचा आराखडा करून ठरवावे लागते. ते काम महापालिकेचे, आणि बांधकाम परवानगीच्या आधी करण्याचे.

नैसर्गिक या शब्दाचा अर्थ

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकांच्या नैसर्गिक हक्कांची उदाहरणे दिली आहेत. त्यांत एक असे आहे की, वरच्या जमिनीवर पडणारे पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कायद्याशिवायही ठाऊक होते. वरच्या वावराचे पाणी खालच्याने अडवायचे नसते. पण बांध फोडून, चर काढून सगळे पाणी एका जागी खालच्याच्या अंगावर सोडले, तर भांडण होई, आणि पंच बहुधा खालच्याच्या बाजूने उभे राहत. सारा भर 'नैसर्गिकपणे' या एका शब्दावर आहे. माळावरून अर्ध्या तासात उतरणारे १०० लिटर नैसर्गिक. ६०० मिलिमीटरच्या पाइपातून दहा मिनिटांत येणारे ४०० लिटर नैसर्गिक म्हणता येतील का?

घर घेणाऱ्याच्या हाती यातले बरेच आहे. मंजूर नकाशासोबत पावसाळी वाहिन्यांचा नकाशा मागता येतो. तो कोणत्या आवर्तनकाळासाठी आखला, वाहिनीचे तोंड कोठे उघडते, ओढ्याला पूर आला तर तळघराचे काय होते, असे प्रश्न विचारता येतात. ताबा घेताना चेंबरची झाकणे उघडून त्यांत राडारोडा भरलेला नाही ना, हे पाहता येते. पुढे सोसायटी झाल्यावर दरवर्षी मे महिन्यात जाळ्या आणि गाळखड्डे साफ करण्यासाठी रंगकामाइतकाच आग्रहाने खर्च मंजूर करता येतो. आणि यादीत आणखी एक प्रश्न असावा, जो आपल्या सोयीचा नाही: आमच्या फाटकातून बाहेर पडलेले पाणी पुढे कोणाकडे जाते? त्याचे उत्तर मिळवायला अभियंता लागत नाही. जुलैतल्या एखाद्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन उताराने खाली चालत गेले, तरी पुरते.